आषाढातली छाटणी

अप्पांच्या पेरूंना मार्केटात कुणी नख लावून बघत नसे. एरवी धारवाडचं गिऱ्हाईक चोखंदळ. पेरू उचलणार, दाबणार, हुंगणार, उलटा करून बूड बघणार आणि मग 'एवढुसाच काय?' असं तोंड करून निम्म्या भावात मागणार. पण यल्लव्वाच्या टोपलीत वरच्या थराला, देठाशी दोन पानं राखलेले, मुठीएवढे पिवळट पांढरे पेरू दिसले की लोक फक्त विचारत, "मास्तरांचे?" ती मान हलवायची आणि पिशव्या पुढं यायच्या.

मास्तर म्हणजे माझे वडील, गलगली मास्तर. जन्मभर त्यांनी गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर केलगेरीच्या घरामागच्या पेरूंना शिकवायला घेतलं, असं आई म्हणायची. झाडं आधीचीच, पण वाट्टेल तशी वाढलेली. शेजारच्या अंबूताईंची अजून तशीच आहेत. उंच गेलेली, शेंड्याचे पेरू पोपटांना, खालचे लिंबाएवढे आणि पावसाळ्यात प्रत्येकात अळी.

"पेरू जुन्या फांदीवर धरतच नाही गं," अप्पा सांगायचे. "नवी फूट आली तर फळ. जुनी फांदी म्हणजे माझ्यासारखी पेन्शनर. नुसती जागा अडवून बसायची."

छाटणी मे महिन्यात, अक्षय्य तृतीया झाली की. झाडाच्या पोटात ऊन शिरेल अशी मधली गर्दी काढायची. एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक काढायची. उरलेल्यांचे शेंडे बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर कापायचे, म्हणजे नवी फूट बाहेर पसरते. पावसाळी फळ यात जातं. ते मुद्दाम घालवायचं, कारण ते पाणचट. प्रत्येक कापावर मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप. मग जूनच्या पावसात फूट येते, आषाढात त्या फुटीवर पांढरी फुलं आणि दिवाळीनंतरच्या थंडीत फळ. जिथं तीन धरलीत तिथं एकच ठेवायचं. सालीवरचा तो रंग उन्हाचा आणि आतला जाड गर या काटेकोरपणाचा. लहान मुली पाढे म्हणतात तसं मी कॉलेजात असताना हे म्हणून दाखवायची.

आई गेली तेव्हा सावनी माझ्या पोटात होती. आम्ही उणकलला नवीन घर घेतलं होतं. माझे यजमान श्रीनिधी हुबळीला बँकेत आणि मला धारवाडच्या एका कॉलेजात तात्पुरती नोकरी. सावनी दोन वर्षांची झाल्यावर तिला कुठं ठेवायचं हा प्रश्न आला, तेव्हा अप्पा फोनवर म्हणाले, "मी काय मेलोय?"

ते शब्द नेहमीचेच होते, पण आवाजात मी आई गेल्यापासून न ऐकलेलं काहीतरी होतं. मग रोज सकाळी मी तिला उणकलहून बसनं आणायची, केलगेरीला सोडायची आणि दुपारी परत न्यायची. अप्पा दाढी करून फाटकात उभे असायचे. आई गेल्यावर त्यांनी दाढी करणं जवळजवळ सोडलंच होतं.

मी जात्याच काळजीखोर. सावनी गाढ झोपली की तिच्या नाकापुढं बोट धरून बघायची, हे श्रीनिधी चारचौघांत सांगून हसवायचे. त्यामुळं अप्पांबद्दल मला काही वाटू लागलं तेव्हा ते कुणाला सांगायची सोय नव्हती. एकदा दुपारी गेले तर स्वयंपाकघरात दूध आटून पातेलं काळं झालेलं, आणि अप्पा ओसरीवर सावनीला काऊचिऊची गोष्ट सांगत होते. वास मला फाटकापासून येत होता. एकदा त्यांनी तिला सलग दोनदा जेवू घातलं. ती बिचारी जेवलीही.

"सत्तरीचा माणूस विसरणारच," श्रीनिधी म्हणाले. "मी तिशीतच चाव्या विसरतो."

"तुमच्याकडं लहान मूल सोपवलेलं नसतं."

"घ्या. म्हणजे मी बापच नाही!"

ते हसले. मीही हसले. हसून विषय संपायचा.

जुलैत, आषाढातल्या एका दुपारी, पाऊस उघडला होता. मी फाटकातून शिरले तर घरात कुणी नाही. मागच्या अंगणातून कट्, कट् असा आवाज येत होता. अप्पा शिडीवर होते. खाली ओल्या गवतावर सावनी बसलेली आणि तिच्या फ्रॉकच्या ओच्यात पेरूची पांढरी फुलं.

"आई, बघ, आजोबा फुलं पाडतायत!"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग खाली पडलेल्या फांद्या दिसल्या. कोवळ्या, वीतभर, पोपटी, प्रत्येक पानाच्या बगलेत कळी. हीच ती नवी फूट. हिच्यावरच थंडीचं फळ येणार होतं.

"अप्पा, काय करताय?"

"छाटणी. यंदा उशीर झाला बघ. तुम्ही म्हैसूरला गेलात, मी एकटा, राहूनच गेली."

"मेमध्ये केली की तुम्ही. म्हैसूरहून आल्यावर मीच लेप लावला."

त्यांनी कात्री थांबवली. त्यांच्या हाताजवळच्या फांदीवर मेमधला काप होता, निळा लेप पावसानं फिकटलेला. त्याच्या बोटभर वर आजचा काप, ओला, पांढरा. ते बराच वेळ त्या दोन कापांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. आणि मला हेही वाटलं की बोलू नयेत.

ते शिडीवरून उतरले, कात्री धोतराला पुसली आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "हस्त बहार धरायचाय यंदा. थंडीत सगळ्यांचेच पेरू येतात, भाव कुठं राहतो? हे उन्हाळ्याच्या तोंडाला येतील. प्रयोग आहे."

"मघाशी तर उशीर झाला म्हणालात."

"तुला शिकवायला मी, की मला शिकवायला तू?"

सावनी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मी तिच्या ओच्यातली फुलं झाडली आणि तिला उचललं.

रात्री जेवताना श्रीनिधींना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाले, "हस्त बहार नावाचं काही असतं का खरंच?"

"असतं."

"मग झालं तर. मास्तर आहेत ते, प्रयोग करणारच. भार्गवी, तुला पाण्यातसुद्धा किडे दिसतात."

असतं म्हणूनच मला पुढं बोलता येईना. एखादा असंबद्ध बोलला असता तर बोट दाखवता आलं असतं. अप्पांनी दिलेलं कारण पाठ्यपुस्तकात बसणारं होतं. ते शिडीवर असताना सावनी किती वेळ एकटी गवतात होती, मागच्या विहिरीवरचं झाकण लावलेलं होतं की नव्हतं, हे मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. विहिरीवर मी दुसऱ्या दिवशी जाळी बसवून घेतली. अंबूताईंना सांगून ठेवलं, की अधूनमधून कुंपणावरून डोकावत जा.

"अगं, मी डोकावतेच," त्या म्हणाल्या. "पण परवा सावनीकडं बोट करून मास्तरांनीच मला विचारलं, तुमच्याकडं ही पोर कुणाची आलीय म्हणून. मला वाटलं, थट्टा करतायत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, राजकन्या आहे, रस्ता चुकलीय. तर हसले की."

मीही तिथं उभी राहून हसले. घरी येईपर्यंत तोंड तसंच राहिलं होतं.

सावनीला लगेच काढून घ्यावं, असं मनात यायचं. पण सकाळी फाटकाशी दाढी केलेले अप्पा, तिला बघून त्यांनी पसरलेले हात, आणि ती बसमधूनच "आजोबाऽ" करायची ते. तिला काढून घेणं म्हणजे त्यांना काय उरणार, हे मला कळत होतं. मी शेवटचे तास बदलून घेतले आणि रोज लवकर निघू लागले. कॉलेजात शिकवतानाही कान फोनकडं असायचा.

गणपतीच्या सुमारास त्यांनी पुन्हा छाटणी केली. यावेळी मी काही विचारलं नाही. आषाढातल्या कापांखालून जी काही थोडी फूट आली होती तीही गेली. झाडं नुसत्या मुठी आवळल्यासारखी उभी होती. हस्त बहाराचं नाव अप्पांनी पुन्हा काढलं नाही. तो प्रयोगही ते विसरले असावेत.

दिवाळी झाली. थंडी पडली. अंबूताईंच्या झाडावर पोपट येऊ लागले. नोव्हेंबर सरताना एका सकाळी मी सावनीला सोडायला गेले तर रिकामी टोपली घेऊन यल्लव्वा ओसरीवर बसलेली.

"एन्री मास्तर, यंदा झाडाला उपास काय? माझी गिऱ्हाइकं जीव खातात. मास्तरांचे कधी, मास्तरांचे कधी. दुसरे दाखवले तर नाकं मुरडतात."

"येतील. अजून वेळ आहे," अप्पा म्हणाले.

"कुठून येतील ओ? झाडावर पान नाही. न्हाव्याकडं नेली होती काय झाडं?"

ती आपली गमतीत बोलली. अप्पांनी मान वळवून मागच्या अंगणाकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. नंतर माझ्याकडं बघितलं आणि मी पटकन सावनीच्या पिशवीतलं काहीतरी शोधायला लागले. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

"पुढच्या आठवड्यात ये," ते यल्लव्वाला म्हणाले. "टोपली भरून देतो."

पुढच्या आठवड्यात दुपारी मी घरी गेले तर अप्पांनी ताटलीत पेरू कापून ठेवले होते, वर तिखट मीठ. "घे, आपल्या झाडाचे."

सावनीनं एक फोड तोंडात घातली आणि थुंकली. मी खाल्ली. पातळ गर, मध्ये बियांचा गोळा, गोडी पाण्यासारखी. न कापलेला एक बाजूला होता. साल हिरवट, बुडाशी टोचल्याचा डाग. देठाला मात्र दोन पानं होती, दोऱ्यानं बांधलेली.

"कसा आहे?"

"छान आहे, अप्पा."

"रंग जरा कमी पडलाय."

"ऊन नव्हतं ना यंदा."

"हां, ऊन नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

घरी आल्यावर मी श्रीनिधींना म्हटलं, अप्पा बाजारातून पेरू आणून पानं बांधतात. यावेळी ते हसले नाहीत. "जानेवारीत सावनीसाठी दुसरं काहीतरी बघू," म्हणाले. तेवढं ठरलं. जानेवारी अगदी जवळ होता.

त्या आधीच्या शनिवारी मी वर्गात होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, फाटकात एक बाई आल्यात. तुमची मुलगी आहे म्हणतात त्यांच्याबरोबर."

जिना कसा उतरले, आठवत नाही. फाटकाबाहेर यल्लव्वा उभी होती, कमरेवर सावनी, पायाशी रिकामी टोपली. सावनीच्या गालांवर रडून सुकलेल्या रेघा, हातात अर्धं केळं. मला बघून ती पुन्हा रडायला लागली.

"रडू नको गं, ही बघ आली तुझी आई," यल्लव्वा तिला म्हणाली. मग मला, हळू आवाजात, "अक्का, मास्तर मार्केटात आले होते. पलीकडच्या गल्लीत त्या दुसऱ्याकडनं पेरू घेतले. माझ्याकडं नाही, मला दिसू नये म्हणून तिकडं. मी लांबून बघितलं, बोलले नाही, वळून माझ्या जाग्यावर गेले. तो सांगतो, हिला त्याच्या पाटीशी बसवलं, निवडून निवडून घेतले. मग गेले."

"हिला ठेवून?"

"विसरले. पेरू मात्र नेले."

सावनी तिथं किती वेळ बसली होती ते यल्लव्वालाही सांगता येईना. रडायला लागल्यावर गर्दी झाली, गर्दी बघायला यल्लव्वा गेली, म्हणून सापडली. नाहीतर, असं मी म्हणू लागले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "नाहीतर नाही. आहे की ही. चल, रिक्षा थांबवलीय."

केलगेरीला पोचलो तेव्हा अप्पा ओसरीवर बसून प्रत्येक पेरूच्या देठाला दोन दोन पानं बांधत होते. पानं आपल्या झाडाची नव्हतीच. आपल्या झाडाला होती कुठं? अंबूताईंच्या झाडाची असावीत. मी सावनीला यल्लव्वाजवळ फाटकाबाहेरच ठेवलं होतं आणि एकटी आत गेले होते. बसमध्ये, वर्गात, मोरीत महिनोन् महिने जे बोलायचं जुळवलं होतं ते सगळं ओठावर होतं.

"लवकर आलीस?" अप्पा म्हणाले. "हळू बोल. सावनी आत झोपलीय."

मी आतल्या दाराकडं बघत राहिले.

"खरंच झोपलीय. बघ की."

ते उठले आणि पावलांचा आवाज न करता आत गेले. खोलीच्या दाराची कडी वाजू नये म्हणून त्यांनी ती बोटानं धरून ठेवली. मी ओसरीवरून ते बघत होते. आतून काही आवाज आला नाही. स्वयंपाकघराचं दार उघडलं, मोरीचं उघडलं, मागचं उघडलं. मग पुन्हा शांतता. विहिरीवरची जाळी उचलल्याचा आवाज आला तेव्हा मी ओरडले, "अप्पा! ती इथं आहे! फाटकात आहे!"

ते बाहेर आले तेव्हा भिंत धरून आले. फाटकाशी सावनीला बघितलं, यल्लव्वाला बघितलं, मग पेरूंकडं बघितलं. ते खाली बसले. सावनी त्यांच्याकडं धावायला निघाली, तर त्यांनीच हात वर करून तिला थांबवलं.

"हिला घेऊन जा, भार्गवी."

"अप्पा..."

"इथं ठेवू नकोस आता."

एवढे महिने मी हेच म्हणायला कुणीतरी हवं म्हणून वाट बघत होते. आणि आता माझ्याच तोंडून निघालं, "एकदा होतं असं कुणाच्याही हातून. गर्दी असते मार्केटात. तुम्ही उगीच..."

"गणितात तू कच्ची होतीस," ते म्हणाले. "खोटं बोलण्यात त्याहून."

टोपली घेऊन आत आलेल्या यल्लव्वानं पदर तोंडाला लावला. अप्पांनी एका पेरूचं पान सोडलं, मग दुसऱ्याचं. सगळ्यांची पानं सोडून झाल्यावर पेरू तिच्या टोपलीत ओतले. "हे माझे म्हणून विकू नकोस," तिला म्हणाले. "लोक नावं ठेवतील."

आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत.

त्यांनी आमच्याकडं उणकलला राहायला यावं म्हणून श्रीनिधी स्वतः जाऊन विनवून आले. "तुमच्याकडं मातीच नाही, नुसती फरशी," अप्पा म्हणाले आणि आले नाहीत. मग स्वयंपाकाला एक बाई ठेवली, अंबूताईंना घराची किल्ली दिली. मी नोकरी सोडली.

हे सगळं व्हायच्या आधीच, सोमवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला.

"कुठं आहात? मी फाटकात उभा राहून पाय दुखायला लागले. दूध निवलं तिचं."

त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास फोनमधून येतोय असं मला वाटलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मार्केट, पेरू, विहीर, 'इथं ठेवू नकोस' हे त्यांचंच वाक्य. मी दोनदा 'अप्पा' म्हटलं.

"मी असं केलं?" ते म्हणाले.

मंगळवारी साडेनऊला पुन्हा फोन. "कुठं आहात? दूध निवलं."

त्यांना तेच पुन्हा पहिल्यांदा ऐकवणं माझ्यानं झालं नाही. "सावनीला ताप आहे, अप्पा," मी म्हटलं. सावनी समोर पाटीवर रेघोट्या मारत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"किती आहे?"

"थोडासाच."

"गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. उन्हात आणू नकोस. बरी होईपर्यंत राहू दे तिकडंच."

मला वाटलं, उद्या हेही विसरतील. मार्केट विसरले, छाटणी विसरले, मी सांगितलेलं सगळं विसरले. ताप तेवढा विसरले नाहीत. बुधवारी फोन आला तो, "ताप उतरला का?" असाच. अंबूताई सांगतात, ते हल्ली दिवसभर ओसरीवर येरझाऱ्या घालतात, जेवण अर्धं टाकतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की नात आजारी आहे, पोरीचा ताप हटत नाही.

रोज साडेनऊला मी फोनपाशी जाऊन बसते.

"उतरला का गं?"

"उतरतोय, अप्पा."

"कालही हेच म्हणालीस," ते म्हणतात. "डॉक्टर बदला."